आत्ताच सुचलेलं

शास्त्रीय संगीतात जॅझ मिसळणारे पियानोवादक म्हणून आमच्या ह्यांचं केवढं नाव! मैफलीत मध्येच थांबून डोळे मिटतात, आणि पुढचं सगळं म्हणे त्या क्षणी सुचतं. घरी मात्र तेच सूर रोज सकाळी न थांबता घोटत असतात. ऐकून ऐकून आमचे कान किटलेत.

काल सासूबाई पहिल्यांदाच मैफलीला आल्या. हे नेहमीप्रमाणे डोळे मिटून थांबले. लोकांनी श्वास रोखले. सासूबाईंचा जीव मात्र खालीवर व्हायला लागला.

"अगं बाई, विसरला वाटतं माझा बाळ!" म्हणत त्यांनी पुढची अख्खी ओळ खणखणीत आवाजात गाऊन दाखवली.



ह्यांनी निमूटपणे तीच वाजवली. दुसरी येतेय कुठे!