नवसाचा पाय

पौषात म्हसा गावच्या जत्रेत बैलबाजार ओलांडून संगीतानं नवऱ्याला, गणूला, पाठीवरून उतरवलं, ते थेट म्हसोबाच्या दारात. दीर संदेश मागून आधार देत होता. ती घामानं निथळत होती, पण चेहरा बारशाला निघाल्यासारखा फुललेला.

भातलावणीच्या वेळी बांधावरून घसरून गणूची नडगी मोडली होती. दसऱ्याला प्लास्टर निघालं. "हाड जुळलंय. आता रोज थोडं थोडं चालवा," मुरबाडच्या डॉक्टरांनी बजावलं, "पाय नुसता ठेवलात तर मांस झडेल." संगीतानं मान डोलावली. पण ती नवस बोलून बसली होती: पहिलं पाऊल म्हसोबाच्या दारातच पडेल, तोवर पाय भुईला लावू देणार नाही. मग काय, जेवण खाटेवर, आंघोळ पाटावर, परसाकडेही तिच्या पाठीवर. बायको असावी तर अशी, असं अख्खं गाव म्हणायचं. रोज तेल चोळताना पाय बारीक होत चाललेला तिला दिसत होता. प्लास्टरनं आवळलाय, भरेल, असं ती स्वतःलाच समजवायची.

तिनं नारळ वाढवला. गणूनं पाऊल टेकलं, भार टाकला आणि गुडघा लटपटून तो खालीच बसला. संदेशनं पुन्हा उभा केला. पुन्हा तेच. लेंगा वर सरकला होता. उजवी पोटरी भरलेली, डावी तिच्या निम्मीही नाही.

"काय चुकलं रे देवा माझं?" संगीताचा आवाज फाटला. "एक दिस पाय भुईला लागू दिला नाय मी!"

गणूला हसू आलं आणि रडूही. "तेच तं चुकलं गो. डाक्टर चालवा म्हनला व्हता. मी पन गप बसलो. तुझ्या पाठीवर बरं वाटायचं."

संगीता त्या पायाकडे बघत राहिली. संदेश भावाला उचलायला वाकला, तसं तिनं त्याला बाजूला सारलं. शेजारच्या पालातून एक काठी घेतली, गणूच्या हातात दिली आणि स्वतः मागे सरली.

"या."

एक पाऊल पडलं. दुसऱ्याला तोल गेला.

"हात दे गो."

तिचा हात पुढे आलाच होता. तिनं तो पदरात गुंडाळून घेतला.

"अगो, पडंल ना तो!" नारळवाली म्हातारी ओरडली. "बायको हायेस का कोन? धर त्याला!"

"धरूनच ठेवला व्हता आजी, इतके दिस." संगीताचे डोळे वाहत होते. "म्हनून तं असा झाला."

आणि ती आणखी एक पाऊल मागे सरली.