तिसरं उपकरण

खण्णकन चमचा पडला आणि दुपारची शांतता फुटली. तिने श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. पाच वर्षांची लेक कूस बदलून पुन्हा झोपली. वाचले! अजून अर्धा तास तरी हातात होता.

ती एका कंपनीसाठी कापडी बाहुल्यांचे नमुने काढायची. मागच्याच महिन्यात तिचा एक हत्ती दुसऱ्याच कुणीतरी बाजारात आणला होता, सोंडेवरच्या टाक्यांसकट. म्हणून कंपनीने फर्मान काढलं होतं, प्रत्येकाने आपल्या मेलची प्रायव्हसी सेटिंग्ज आज तपासायचीच. ती जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसली. जाहिरातींसाठी माहिती द्यायची? बंद. ठावठिकाणा? बंद. मेल वाचल्याचं समोरच्याला कळू द्यायचं? अजिबात नाही! बटणं एकेक करून राखाडी होत गेली. माळा झाडल्यासारखी मजा येत होती.

मग एक यादी आली. 'तुमचं खातं या उपकरणांवर उघडं आहे.' तिचा फोन. ऑफिसचा कॉम्प्युटर. आणि एक टॅब.

शेवटचा वापर : आत्ता.

"अरे, धाव! हत्तीचा चोर सापडला! आत्ता आत बसलाय!" ती दबक्या आवाजात ओरडली.

नवरा ओले हात पुसत आला. "भरदुपारी? धीट दिसतोय."

"थट्टा नको. अजून आतच आहे तो."

"मग बघत काय बसलीस? दे हाकलून."

'बाहेर काढा.' लाल अक्षरं. पण आधी चोराचं नाव तरी बघू, म्हणून तिने टॅबवर बोट ठेवलं. नाव उघडलं : अण्णांची पाटी.

ते नाव तिनेच दिलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी तिने वडिलांना टॅब घेऊन दिला होता. त्यांचं स्वतःचं मेल खातं निघेपर्यंत आपलंच उघडून दिलं होतं आणि ते तसंच राहून गेलं होतं. मग भांडण झालं. त्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप सोडून ती बाहुल्यांच्या मागे गेली. "लाकूड सोडून चिंध्या?" अण्णा म्हणाले होते. तीही नको नको ते बोलली. तेव्हापासून अबोला. आधी त्यांनी बोलावं, हा तिचा हट्ट. तरी मन भरून आलं की ती अण्णांना मेल लिहायची. लेकीचा पहिला दात. लेकीची पहिली शिवी. लिहून झालं की न पाठवता तशीच बंद करायची. अशा सगळ्या मेल मसुद्यांत जाऊन पडायच्या आणि ती कधी मागे वळून तिकडे बघायची नाही.

आज तिने मसुदे उघडले. एकशे बारा. प्रत्येकावर खुणेची एक पिवळी चांदणी होती. तिने एकही लावलेली नव्हती.

"चोर कसला, वाचक निघाला," नवरा हळूच म्हणाला.

 तिने नवी मेल उघडून लिहिलं, 'अण्णा, आत्ता तिथे आहात का?' आणि नेहमीसारखी बंद केली. मेल मसुद्यांत सर्वांत वर जाऊन बसली. दोघं डोळे न मिटता बघत राहिले. काही नाही. अजून काही नाही.

"काय बघताय?" लेक डोळे चोळत आली आणि मांडीत चढून बसली.

तेवढ्यात चांदणी लागली.

"आहेत! आहेत रे!" ती एवढ्याने किंचाळली, की लेकीची उरलीसुरली झोप उडाली.

"कोण आहेत?"

"तुझे आजोबा! मी त्यांना पत्रं लिहिते ना, ती ते वाचतात. सगळीच्या सगळी वाचली त्यांनी!"

"तू पाठवलीस म्हणून?"

"नाही गं राणी, मी कुठे पाठवली? त्यांनीच शोधून काढली."

लेकीने फोन आपल्याकडे ओढला. कोपऱ्यातल्या, मेल पाठवायच्या निळ्या बाणावर इवलंसं बोट नेलं, पण दाबलं नाही.

"हा बाण तर मलासुद्धा दाबता येतो," ती म्हणाली. "तू का नाही दाबलास, आई?"