बोटभर जागा

बॉनेट आजही बसलं नाही. बोटभर फट राहिली.

म्हाताऱ्याने दोन्ही पंजे टेकून वरून दाबून पाहिलं, मग मुलाने दाबलं. आतून फिल्टरचं झाकण पत्र्याला लागल्याचा आवाज आला आणि दोघांनी नाद सोडला. इंजिन आहे की वाढत्या अंगाचं पोर, असं म्हातारा म्हणाला. मुलगा हसला, फडक्याला हात पुसले आणि घड्याळाकडे बघितलं.

गाडी म्हाताऱ्याची, जुनी टॅक्सी. तिच्यावरच संसार झाला, तिच्यावरच पोरगा शिकला. मूळ इंजिनाने कधीच राम म्हटला होता, म्हणून भंगारातून एका व्हॅनचं इंजिन आणून घातलं. इंजिन दणकट, पण उंच. बाकी सगळं जमून आलं होतं. रंग झाला, सीटा शिवून आल्या, दिवे लागले. घोडं पेंड खात होतं ते या बॉनेटापाशी.

आणि बॉनेट बसणं म्हणजे नुसतं बॉनेट बसणं नव्हतं. म्हातारी गेली तेव्हा मुलगाच म्हणाला होता, की बाबा, एकटे कशाला राहता, गाडी पुरी झाली की तिच्यातूनच तुम्हाला आमच्याकडे नेतो, कायमचं. असं टेम्पोत बोचकी टाकून नको, ऐटीत चला. म्हाताऱ्याला हे इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी त्याने ट्रंक भरून दाराशी ठेवली. जास्तीची भांडी शेजारणीला देऊन टाकली आणि एका पातेल्यावर भागवायला लागला. सगळ्या गल्लीला सांगून झालं. आता गल्लीतले बेरके लोक येता-जाता विचारायचे, काय काका, अजून इथेच? म्हातारा म्हणायचा, बोटभर राहिलंय फक्त.

सून फोनवर गोड बोलायची. या ना, गाडी झाली की या. नातीने म्हणे खोलीतली खिडकीकडची बाजू आजोबांसाठी सोडली होती.

मुलाच्या येण्यात मात्र खोट काढायला जागा नव्हती. आई होती तोवर महिनोन्महिने तोंड दाखवत नसे. आता रविवार म्हणून चुकत नव्हता. यायचा, सोबत जेवायचा, संध्याकाळपर्यंत गाडीशी झटायचा. म्हाताऱ्याला शनिवारी रात्री झोप लागत नसे, इतका आनंद.

चौकातल्या गॅरेजवाल्याने एक युक्ती सांगितली होती. इंजिनावर कणकेचे गोळे ठेवायचे, बॉनेट अलगद टेकवायचं आणि उचलायचं. जिथला गोळा पार चपटा, तिथे अडतंय. जितका जाड उरला, तितकी जागा. मग काय, म्हातारा दर रविवारी सकाळी कणीक मळून तयार. गोळे बघून बघून त्यांनी उंच फिल्टर काढून बसका घातला. कार्बोरेटरखालचं जाड पॅकिंग काढून पातळ टाकलं. बॉनेटच्या आतली पट्टीसुद्धा घासली. प्रत्येक वेळी हिशेबाने बसायलाच हवं होतं. मग मुलगा गाडीखाली सरपटत जायचा, इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचे नट आवळून यायचा, बॉनेट खाली घ्यायचा, आणि फट आपली तेवढीच. माशी कुठे शिंकते तेच कळेना.

एकदा म्हातारा स्वतः खाली जायला निघाला, तर मुलाने दंड धरून थांबवला. "तुमची कंबर धरेल, बाबा. मी आहे ना."

ही गोष्ट म्हाताऱ्याने गल्लीत चार जणांना तरी सांगितली असेल.

गॅरेजवाला म्हणायचा, कशाला डोकं फोडता, बॉनेटला भोक पाडा, वर पत्र्याचा उंचवटा बसवा, तासाभराचं काम. मुलगा तेवढ्यावर भडकला. आईला गाडी अशीच आवडायची, गाडीच्या तोंडावर करवत चालवायची नाही. आणि बाहेरच्या माणसाचा हातही लागू द्यायचा नाही, आपण दोघं करू. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोराला इतकी माया असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

मग एका सोमवारी गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं. एवढ्याशा कामासाठी पोराला कामावरून कशाला बोलवायचं, म्हणून म्हाताऱ्याने गॅरेजवाल्याला हाक मारली. तो जॅक घेऊन आला, गाडी उचलली आणि खाली शिरला. थोडा वेळ नुसती टॉर्च हलत राहिली.

"काका, हे वायसर कोणी घातले?"

कसले वायसर, म्हाताऱ्याने विचारलं.

"माउंटिंगखाली आहेत, दोन्हीकडे, एकावर एक चढवलेले. इंजिन उचलून धरलंय यांनी. खालचे गंजलेत, वरचे कोरे करकरीत आहेत."

तेलाचं राहिलं बाजूला. गॅरेजवाल्याने सगळे वायसर काढले, इंजिन जागेवर बसवलं, नट आवळले. बाहेर येऊन एका हाताने बॉनेट खाली सोडलं. ते खटकन बसलं. फटीत कागद सरकला नसता.

गॅरेजवाला खूश. झालं की काका, सुटलात, आता चाललात तुम्ही मुलाकडे, असं बरंच काही बोलत राहिला. वर कोणत्या शहाण्याने हा उद्योग केला होता, हेही विचारून झालं. मीच केला असेन, म्हातारचळ दुसरं काय, असं म्हातारा म्हणाला.

तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. इतका संताप त्याला उभ्या जन्मात आला नव्हता. नको होतो तर तोंडावर सांगायचं होतं, म्हणावं. गॅरेजवाला हत्यारं गोळा करत होता. म्हाताऱ्याने जमिनीवरचे वायसर एकेक करून वेचले आणि त्याच्यापुढे धरले.

"परत घाल," तो म्हणाला. "होते तसेच घाल. रविवारी पोरगा यायचाय."