दोन ठिपके

नल्लकुंट्याचं भरलं घर सोडून नवऱ्यासोबत माधापूरच्या फ्लॅटमध्ये जायचंय, हे सासूबाईंना तोंडावर सांगण्याऐवजी ऋजुताने कंपनीचा कॉम्प्युटरच पुढे केला. जिवाणूंच्या वाढीवरून तिने गालिच्यांची नक्षी काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर ठिपके जगत, मरत आणि त्यांतूनच गालिचा उमलत जाई. “बघा आई, शेजारी फार झाले की ठिपका गुदमरून मरतो.” टोला बरोबर बसला. सासूबाईंनी चष्मा चढवला. “हौ का? मग पूस हे सगळं. दोनच ठिपके ठेव, चिकटून. हा माझा विनय, ही तू.” ऋजुताने ठेवले आणि तिचा हात थबकला. नियम तिचाच होता: जगायला निदान दोन शेजारी लागतात; इथे प्रत्येकाला एकच होता. “राहू द्या आई, पानं वाढते.” “नक्को,” म्हणत सासूबाईंनीच प्रोग्रॅम सुरू करायचं बटण दाबलं. दोन्ही ठिपके विझले, पडदा काळाकुट्ट झाला. “जा आता खुशाल. हे चित्रही घेऊन जा, नव्या भिंतीवर लावायला.”