चिमूटभर नीळ

चारुशीलाच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला वडील आले, ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. "बाबा, तुम्ही काही विचारायचं नाही हं," तिने सकाळीच बजावलं होतं. आपल्या प्रबंधातला फिकट पांढरा तारा तिने तासभर समजावून सांगितला. "कुणाला काही प्रश्न?" असं अध्यक्षांनी विचारलं आणि मागच्या रांगेतून नेमका बाबांचा हात वर झाला.

"तारा पांढरा, ते कळलं. पण त्यात नीळ किती?"

सभागृह खो खो हसलं. मिरजेत चाळीस वर्षं लाँड्री चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! चारुशीलाचे कान तापले. मग एकदम तिच्या लक्षात आलं, प्रश्न अगदी बरोबर होता.

"चिमूटभर आहे, बाबा. निळसर झाक जितकी जास्त, तितका तारा तापलेला. हा सूर्याच्या दीडपट गरम आहे."

"मग फिकट का?"

"फार लांब आहे म्हणून."

परीक्षकांनी हातातला कागद खाली ठेवला. "काका, मी हेच विचारणार होतो."

"विचारा की," वडील खाली बसत म्हणाले, "पण जरा अवघड विचारा. हे तिला येतंय."