संघटनेचे बोर्ड

"पंच आमचे राहतील आन् ड्रॉ आमच्यासमोर निघंल. तोवर एकबी सभासद साहेबरावच्या स्पर्धेत खेळणार न्हाई," असं म्हणून रामकिसनने स्ट्रायकर बोर्डावर आपटला.

घनसावंगीच्या कॅरम खेळाडू संघटनेची बैठक अध्यक्षाच्या, म्हणजे रामकिसनच्याच घरी भरली होती. त्याची बायको उषाबाई चहा देत होती.

"संघटनेचे सगळे बोर्ड आजपासून माझ्या घरी. साहेबरावला खेळवायचं तर परातीवर खेळवू दे."

सगळे हसले. सचिव संपतने विचारलं, "बायकामाणसं मंडपात गेली तर?"

"बायकांचा काय संबंध? त्या थोड्याच सभासद हाएत?"

उषाबाईने रिकामे कप उचलले.

भांडण पंचांचं होतं, पण रामकिसनला सलत होता तो साहेबरावचा मंडप. दर साली स्पर्धा जिंकायची रामकिसनने आणि बॅनरवर फोटो साहेबरावचा. साहेबरावच्या भाड्याच्या जीपा चालत. त्याला स्वतःला एक सोंगटी धड मारता येत नव्हती. तरी पार वडीगोद्रीहून आलेली माणसं त्याच्याच गळ्यात हार घालत.

घरीही तेच. "साहेबरावभाऊ बोलायला लई गोड," उषाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"मंग त्याच्याच घरी जाऊन थाप भाकरी," म्हणत रामकिसनने ताट सरकवलं.

त्यानंतर घरातल्या बारीकसारीक गोष्टींकडे त्याचं लक्ष जाऊ लागलं. संध्याकाळी जिनिंग मिलवरून आला, की मोरीत दोन कप दिसत.

"कोन आल्तं?"

"केशरबाई."

केशरबाई म्हणजे संपतची बायको. रामकिसनने दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं संपतला विचारलं, "वहिनी दुपारच्या आमच्याकडं येत्यात काय रं?"

"न्हाई बा. ती तर दिवसभर कापूस वेचायला जाती."



एकदा डोकं दुखतं सांगून तो दुपारीच घरी निघाला. साहेबरावची जीप त्याच्या गल्लीतून बाहेर पडत होती. साहेबरावने हसून हात केला. रामकिसनने मान फिरवली.

घरात उषाबाई एकटीच होती. तिच्या गालावर पांढरं काहीतरी लागलं होतं. लग्नातसुद्धा पावडर न लावलेली बाई!

"पावडर लावून राह्यली का आता?"

तिने पदराने गाल पुसला. "पीठ आसंल."

तिची पाठ वळल्यावर रामकिसनने चुलीकडे पाहिलं. चूल गार होती. दोरीवर कालचं लुगडं होतं. त्याने लुगड्याचा पदर नाकाशी धरला. वास म्हणून नाही. महागाची पावडर असावी, त्याला वाटलं. साहेबरावला काय परवडत नाही?

भिंतीशी उभे केलेले बोर्ड लखलखीत पुसलेले होते. घर इतकं नीट ठेवणारी बाई! आणि ही थेरं!

स्पर्धेच्या दिवशी त्याने मुद्दाम साहेबरावच्या मंडपाकडे जायचं टाळलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर साहेबराव कसा उभा असेल, हे घरी बसून मनात बघायचं त्याने ठरवलं होतं. पण तो घरी आला तर दाराला कुलूप. दाराशेजारच्या कोनाड्यातली किल्ली घेऊन त्याने दार उघडलं.

उषाबाई नव्हती. भिंतीजवळचे बोर्डही नव्हते.

रामकिसन तसाच पळत सुटला. मंडप गच्च भरला होता, लोक बांबूंना धरून उभे होते. साहेबराव तोंडाशीच हार घालून उभा.

"या अध्यक्षसाहेब! पुढं बसा."

"माझी बायको कुठंय?" रामकिसनचा आवाज फाटला.

"मधीच हाए की," साहेबराव म्हणाला. "आता तिला हाक मारू नका, बराबर व्हणार न्हाई."

रामकिसनने त्याची गचांडी धरायला हात उचलला, आणि त्याची नजर आत गेली. मधल्या बोर्डापाशी केशरबाई ओठ दाबून बसली होती. तिच्यामागे उभ्या असलेल्या संपतचा आ वासलेला. समोर पदर खोचलेली उषाबाई, बोर्डावर टाकायच्या बोरिक पावडरने कोपरापर्यंत पांढरी झालेली.

"उठ!" रामकिसन ओरडला. "संघटनेचा बहिष्कार हाए!"

उषाबाईने मान वर केली नाही. स्ट्रायकर रेषेवर ठेवून तिने राणीवर नेम धरला.

"बहिष्कार सभासदांना हाए," ती म्हणाली. "आम्ही थोड्याच सभासद हाओत?"