बैलांची नावं

कुमुद गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच दुपारी कोर्टाच्या दप्तरखान्याचं तिच्या नावचं पत्र आलं. तिच्या पणजोबांचं ब्रिटिश अमदानीतलं मृत्युपत्र सापडलं होतं. त्यात तरी पणजीचं नाव मिळेल म्हणून तिने अकरा वर्षं अर्ज केले होते. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेरावं उरकून तिचे यजमान दत्ताराम मृत्युपत्राची नक्कल घेऊन मोडी वाचणाऱ्या बाईंकडे गेले. बाईंनी कागदावर बोट ठेवून वाचलं, “सोन्या आणि पाखऱ्या हे बैल थोरल्यास. कपिला गाय धाकट्यास. माझे कुटुंबास हयातीपर्यंत अन्नवस्त्र द्यावे.”

“कुटुंबाचं नाव?”

“नाही लिहिलं, काका. तेव्हा बायकोला नुसतं कुटुंबच म्हणायचे.”

“बैलांची लिहिलीत की. नीट बघा.”

“दोनदा बघितलं. तुम्ही बसा, पाणी देते.”

घरी येऊन त्यांनी कुमुदने काढलेली वंशावळ उघडली. तिच्या चौकोनात मृत्यूची तारीख लिहिली. पणजोबांच्या शेजारचा चौकोन कोरा होता. शोधायला आता दुसरा कागद नाही. पणजीचं नाव लिहायचं राहिलं आहे.